भिंतीचं विरजण

‘घर पाहावं बांधून’ असं ज्याने कोणी म्हटलं त्याने घर बांधलं असेल, पण बुरशीची भिंत वाढवलेली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो. वाढवली असती तर ती म्हण इतकी लांबली असती की मुलांना परीक्षेत पुरवणी घ्यावी लागली असती. मी वाढवली आहे. एरवी मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या पडलेल्या भिंतींचे फोटो बघायचे आणि ‘भिंत स्वतःच्या दोषाने पडली आहे’ असा शेरा मारायचा, ही माझी नोकरी. उभ्या भिंतीशी माझा संबंध कॅलेंडरपुरता, आणि त्याचा खिळासुद्धा बायको ठोकते.

प्रकरणाचं मूळ म्हणजे बायकोचं ट्रम्पेट. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून संध्याकाळी तिला काहीतरी खणखणीत वाजवावंसं वाटतं, आणि ती वाजवते. बरं वाजवते. इतकं बरं, की शहराच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटची एक जागा रिकामी झाली तेव्हा तिला निवडचाचणीला बोलावणं आलं. संसारात पडल्यापासून तिने फक्त स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. चाचणी दोन महिन्यांनी होती आणि तोवर रोज सराव हवा होता. आता ट्रम्पेट काही दबक्या आवाजात वाजवता येत नाही. एक तर ते वाजतं, नाहीतर वाजत नाही.

आमच्या खालच्या घरात शांतिदूत राहतात. हे नाव आम्ही ठेवलेलं. त्यांना शांतता अतिशय प्रिय आहे आणि ती मिळावी म्हणून ते दिवसभर ओरडत असतात. ट्रम्पेटला ते पिपाणी म्हणतात. इमारतीच्या सभेत त्यांनी त्या पिपाणीचा प्रश्न मांडला आणि अध्यक्षांनी, शांतिदूत गप्प व्हावेत म्हणून, ठराव मंजूर करून टाकला. घरात ट्रम्पेट बंद. गच्चीवर पंपाची जुनी खोली पडून आहे, तिथे वाजवायला हरकत नाही, पण आवाज बाहेर येता कामा नये. सात आठवड्यांनी समिती स्वतः खोलीबाहेर उभी राहून ऐकेल. ऐकू आलं तर वाद्य इमारतीत राहणार नाही. शिवाय गच्चीवर सिमेंट, वाळू, विटा नेता येणार नाहीत, कारण वरच्या मजल्याचं छत आधीच गळतं. थोडक्यात, खोली करा, पण खोली करायला जे लागतं ते न वापरता.

घरी येऊन बायकोने ट्रम्पेट पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिली. मला ते बघवेना. मी म्हणालो, “खोली मी करतो.” माणूस असं बोलून जातो. दावे मंजूर करताना मी इतका उदार नसतो.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. आपल्याकडे मरणापेक्षा दुरुस्तीला जास्त माणसं जमतात. समोरच्यांनी अंड्यांचे रिकामे ट्रे आणून दिले, त्यातल्या एकात अंडं होतं. ते मी न बघता भिंतीवर दाबलं. कोणी गाद्या सुचवल्या, कोणी सतरंज्या. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं की वहिनींना विणकामाची आवड लावता येणार नाही का. दावे तपासणाऱ्या माणसाला संयम असतो, म्हणून मी फक्त हसलो.

आणि मग माझा मेहुणा आला. जगात जिथे म्हणून प्रदर्शन भरतं तिथे हा जातो आणि पिशवी भरून परत येतो. यावेळी तो भविष्यातल्या बांधकाम साहित्याच्या प्रदर्शनातून आला होता. त्याने टेबलावर एक पांढुरकी, खडबडीत लादी ठेवली आणि म्हणाला, “भाऊजी, हिच्याकडे तोंड करून ओरडा.” घरात ओरडायची परवानगी मला क्वचित मिळते, त्यामुळे मी मनापासून ओरडलो. आवाज जणू लादीत मुरून गेला. आई आतून बघायला आली की मी ओरडायचा थांबलो का.

मेहुण्याने समजावून सांगितलं. ही लादी लाकडाच्या भुशाची. त्यात बुरशी सोडायची, तिचे धागे भुशात पसरतात आणि सगळं घट्ट बांधून टाकतात. सिमेंट नको, वीटभट्टीचा धूर नको, डोंगर फोडायला नको. काम संपलं की चुरा करून कुंडीत टाकायची. यापुढे इमारती बांधणार नाहीत, उगवणार, असं तो म्हणाला. दगडापेक्षा वीट मऊ असं आपण म्हणतो, ही तर विटेपेक्षाही मऊ होती आणि सभेच्या ठरावात बसत होती. तयार लाद्या मिळतील का विचारलं तर कंपनी पुढच्या वर्षी देणार होती. तोवर त्याने पिशवीभर बुरशीचं बी आणलं होतं आणि सोबत एक सूचनापत्र. ओला, स्वच्छ भुसा घ्या. बी मिसळा. साच्यात दाबा. उबदार अंधारात ठेवा, हात लावू नका. आठवड्याभरात पांढरं झालं की भट्टीत भाजून बुरशी मारून टाका, नाहीतर वाढ चालू राहील.

मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. तोंडाला मास्क, हाताला मोजे, डोक्याला बायकोची अंघोळीची टोपी. स्वयंपाकघरातून सगळ्यांना बाहेर काढलं. सुताराकडचा भुसा भिजवला, बी मिसळलं, डबे भरले आणि प्रत्येक डब्यात थर्मामीटर घालून पाहिला. हात लावू नका असं लिहिलं होतं, पण बघू नका असं कुठे लिहिलं होतं? मी ऑफिसला जाताना झाकण उघडून बघायचो, आल्यावर बघायचो, आणि जेवताना आठवण झाली तर उठून बघायचो. चारपाच दिवसांत भुसा हिरवा झाला, मग काळा, आणि मग असा वास सुटला की बायको खिडक्या उघडत फिरू लागली. वास खाली पोहोचला. शांतिदूतांना वाटलं त्यांचं ड्रेनेज तुंबलं. त्यांनी प्लंबर बोलावून स्वतःच्याच न्हाणीघरातल्या फरशा उखडून घेतल्या. या गोष्टीचा मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही, पण दुःखही आवरता येण्यासारखं होतं.

आईने एका डब्याचं झाकण उचललं, वास घेतला, झाकण ठेवलं आणि म्हणाली, “हे नासलंय.” मग हे काय आहे ते विचारलं. मी तिला सजीव पदार्थ, त्याचे तंतू, त्यांची वाढ वगैरे सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे विरजण,” ती म्हणाली. मी म्हणालो, शास्त्रीयदृष्ट्या यात आणि विरजणात खूप फरक आहे. कोणता, असं तिने विचारलं. तो फरक मी अजून शोधतो आहे. त्यानंतर तिने घरात मोठ्याने विचारलं की झाकण सारखं कोण उघडत होतं. कोणीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि हा अपमान जास्त मोठा होता.

उरलेलं बी आईने ताब्यात घेतलं. भुसा मोठ्या पातेल्यात उकळला, बोटाला सोसेल इतका निवू दिला, बी कालवलं आणि घरात जे जे खोलगट सापडलं त्यात दाबून भरलं. केकचा डबा, टेबलाचा खण, बॅगेचं झाकण, मुलाचा लहानपणीचा टब. तो मुलगा आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो, पण आमच्या घरात काही टाकत नाहीत. सगळं जुन्या चादरींत गुंडाळून माझ्या कपाटात शर्टांच्या खाली ठेवलं, कारण तिथे ऊब असते आणि माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. मला उघडायची बंदी झाली. मी एकाच शर्टावर ऑफिसला जाऊ लागलो. तोही त्या कपाटातूनच काढलेला, त्यामुळे त्याला पावसाळी जंगलाचा वास येत होता, आणि साहेबांनी विचारलं की हल्ली तुम्ही गावाबाहेर राहायला गेलात का.

आठवड्याने आईने चादरी सोडल्या. भुसा कुठे दिसेना. सायीसारखी पांढरी शुभ्र, टणक लादी. तिच्यावर टकटक केलं तर आवाज येईना. खरं सांगतो, मला भरून आलं. बायकोने एक लादी उचलून गालाला लावली. आईने तिचा एक तुकडा मोडून वाटीत ठेवला, पुढच्या खेपेसाठी. विरजण संपू द्यायचं नसतं, हा तिचा नियम आहे, आणि बी तर केव्हाच संपलं होतं. मग घाणा सुरू झाला. पलंगाखाली लाद्या, माळ्यावर लाद्या, पाहुणे बसायचे त्या दिवाणात लाद्या. दुपारी आईकडे शेजारणींची ये-जा वाढली होती, पण तिच्याकडे कोण कशाला येतं याची चौकशी मी कधी करत नाही.

फक्त आकारांचा घोळ झाला. मी कागदावर चौकोनांचा सुबक नकाशा काढला होता आणि हाती आल्या त्या गोल, लंबगोल आणि खणाच्या मापाच्या. बायकोने त्या गच्चीवर पसरून कशीबशी जुळणी केली. मेहुणा म्हणाला, उंचसखल असलेलं उलट चांगलं, आवाज त्यात चुकतो. स्वतः आणलेल्या वस्तूबद्दल तो नेहमी असंच बोलतो.

सूचनापत्राप्रमाणे आता भाजायचं होतं. आईने साफ नकार दिला. एवढं पोटच्या पोरासारखं वाढवायचं आणि भट्टीत घालायचं, हे तिच्याच्याने होईना. कडक ऊन दिलं की पुरे, असं तिचं मत पडलं. दिवस भराभर चालले होते, मलाही घाई होती, म्हणून मीही मान डोलावली. दोन दिवस उन्हं दाखवली, लाकडी पट्ट्यांवर स्क्रूने लाद्या बसवल्या, आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं, हवा दमट झाली.

चार दिवसांनी मी खोली उघडली. भिंतीतून मशरूम बाहेर आले होते. एखाददुसरा नव्हे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, छत्र्या उघडून, दाटीवाटीने. मी दारात उभा राहून काय करावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. अनधिकृत बांधकामाच्या तक्रारीवरून पालिकेचे अभियंते आले होते. त्यांच्या मागे तक्रार उभी होती, म्हणजे शांतिदूत.

अभियंत्यांनी भिंतीकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, हे बांधलंय का. मी म्हणालो, नाही, वाढवलंय. मग ही शेती झाली, ते म्हणाले, आणि शेतीचं ते बघत नाहीत, उद्यान विभागाचा दाखला आणा. मी रजा टाकून उद्यान विभागात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, माती आहे का. नाही. कुंडी आहे का. नाही. मग कशावर आहे. भिंतीवर. मग ते बांधकाम, असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. बांधकाम विभागातल्या कारकुनाने अर्जातले रकाने वाचून दाखवले. वीट, दगड, सिमेंट, इतर. ‘इतर’ वर खूण करा म्हटलं तर तो कळवळून म्हणाला की हा रकाना आजवर कोणी भरलेला नाही, भरला तर कागद पुढे कुठे पाठवायचा ते त्याला माहीत नाही. माझ्यामुळे सरकारी यंत्रणा बंद पडू नये म्हणून मी तिथून उठलो.

आता भाजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची भट्टी सकाळचे पाव निघाल्यावरही तापलेली असते. तो कबूल झाला, एकाच अटीवर, की गिऱ्हाइकांनी विचारलं तर उत्तर मी द्यायचं. आईचं मन वळवण्यात वेळ घालवायला नको म्हणून ती बाहेर गेलेली असताना मी खोलीतल्या लाद्या उतरवल्या, घरातलं जे जे पांढरं दिसलं ते सगळं पोत्यात भरलं आणि नेलं. भट्टीतून लाद्या काय सुंदर तांबूस निघाल्या. इतक्या सुंदर, की बेकरीवाल्याच्या भावाने त्यातली एक गोल लादी अध्यक्षांना ब्रेड म्हणून विकली. अर्ध्या तासात अध्यक्ष मोडलेली सुरी घेऊन परत आले आणि पाव शिळा असल्याची तक्रार करू लागले. मी तशाच वीसेक पावांसकट तिथे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पावाकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चव घेतली होती की नाही हे मी विचारलं नाही, सभ्यता म्हणून.

लाद्या परत बसवून आठवडा झाल्यावर अभियंते पुन्हा आले. भाजलेली भिंत त्यांनी नखाने खरवडली, एका कोपऱ्याला पेटती काडी लावली. कोपरा काळा पडला आणि विझला.

“ही काढता येते?” त्यांनी विचारलं.

“स्क्रू आहेत, साहेब. केव्हाही काढता येते.”

“मग बांधकाम नाही. आता वाढते का?”

“नाही.”

“मग शेतीही नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग माझं काम नाही.”

सरकारी माणसाच्या तोंडून इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. शांतिदूत तावातावाने काही बोलत होते, पण अभियंते जिन्यावर पोहोचलेही होते.

मी विजयी मुद्रेने खोलीत गेलो, बायकोला आत वाजवायला सांगितलं आणि बाहेर उभा राहिलो. आवाज येत होता. अगदी पहिल्यासारखा नाही, पण शांतिदूतांना पुरेल इतका. भाजल्यावर लाद्या आक्रसल्या होत्या, फटी पडल्या होत्या, आणि दाराला तर लादी लावायचीच राहिली होती. आणखी पाचसहा लाद्या आणि दारासाठी एक मोठी, एवढ्यावर काम होतं. समिती यायला मात्र आता आठवडाच उरला होता, म्हणजे जेमतेम एक खेप. मी आईकडे धावत गेलो आणि विरजणाची वाटी मागितली. ती शेल्फवर हात फिरवत राहिली. तेव्हा मला आठवलं की जे जे पांढरं दिसलं त्यात ती वाटीही होती.

“वाटीसुद्धा भाजलीस?” आईने विचारलं, आणि पुढे काही बोलली नाही.

ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी बायको माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “जाऊ दे. तुम्ही केलंत तेवढं खूप झालं.” चाचणीला येत नाही असं वाद्यवृंदाला उद्या कळवून टाकते, असं तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. ती रागावली असती तर मी वाद घातला असता, वादात मी बरा आहे. पण ती माझी समजूत घालत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि जेवण गेलं नाही.

सकाळी आई चहा घेता घेता सहज म्हणाली, “मग खालून आण की.” खालून काय आणू, मी विचारलं. “विरजण. ज्यांनी मागितलं त्यांना दिलंय मी. मागितल्यावर विरजणाला नाही म्हणतात का कोणी?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. दुपारच्या त्या शेजारणी वाट्या घेऊन येत होत्या. मी इमारतीभर हिंडलो आणि घरोघरी जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना. समोरच्यांनी कुत्र्याला बसायला लादी केली होती आणि कुत्रा तिच्यावरून उठायला तयार नव्हता. एकीने टीव्हीमागे लावली होती, एकीने दाराखालची फट बुजवली होती. अध्यक्षांच्या घरी दोन होत्या, त्या पावाचा छडा लावायचा म्हणून त्यांच्या बायकोने मुद्दाम केलेल्या. माझ्या बायकोचं काम आहे म्हटल्यावर कोणी नुसतं विरजण देऊन थांबेना, तयार लाद्याच हातात ठेवत. बेकरीवाला सगळ्यांच्या भाजून देत होता आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता. मला घातलेलीच अट, गिऱ्हाइकांना उत्तर आपण द्यायचं, त्याने सगळ्यांना घातली होती आणि ती चोख पाळली जात होती.

दारासाठीची मोठी लादी मात्र कोणाकडे नव्हती. एकच घर राहिलं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून वाटी समोर धरूनच मी शांतिदूतांची बेल वाजवली. दार त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, उघडलं. आत शांतिदूत फोनवर कोणालातरी शांततेचं महत्त्व सांगत होते, ते रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लावलं. आवाज एकदम बारीक झाला. दाराच्या आतल्या बाजूला एक पुरुषभर उंच लादी टेकवलेली होती. पलंगाच्या पेटीत वाढवली, असं काकू म्हणाल्या.

“दिवसभर शांतता पाहिजे म्हणून ओरडत असतात रे. मलाही थोडी पाहिजे होती.” त्यांनी लादीवरून हात फिरवला. “घेऊन जा ही. माझ्याकडे विरजण आहे, मी दुसरी लावीन. आणि तिला म्हणावं, घाबरू नकोस.”

ती लादी मी आणि मेहुण्याने जिन्यावरून नेली तेव्हा शांतिदूत फोनवर असल्यामुळे त्यांना कळलं नाही. ती पंपाच्या खोलीच्या दाराला जवळजवळ बेतल्यासारखी बसली. फटींत आईने भुशाचा लगदा कोंबला. आणि आठवडा भरला तशी समिती आली.

अध्यक्ष होते, शांतिदूत होते, आणि समितीत नसलेली सगळी इमारत होती. बायको ट्रम्पेट घेऊन आत गेली. दार लागलं. आम्ही सगळे उभे राहिलो. रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती. कोणाच्यातरी कुकरची शिटी झाली. टाकीवर कबुतरं घुमत होती. बराच वेळ गेला. शांतिदूत घड्याळ बघून म्हणाले की सुरू करायला सांगा त्यांना, दिवस काढायचाय का. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिचा धीर सुटला. आत ट्रम्पेट हातात घेऊन ती तशीच बसली असेल आणि बाहेर यायचीही तिला लाज वाटत असेल. मी दार ठोठावलं, पण त्या दारावर ठोकलेलं आत जात नव्हतं.

शेवटी दार उघडलं. बायको बाहेर आली, लालबुंद, कपाळावर घाम, ओठ सुजलेले.

“सुरू कधी करणार?” शांतिदूतांनी विचारलं.

“झालं की,” ती म्हणाली. “सगळं वाजवलं. शेवटचा भाग दोनदा वाजवला, पहिल्यांदा चुकला म्हणून.”

विमा कंपनीत इतकी वर्षं काढून मला एवढं कळतं की असा पुरावा समोर आला की दावा मंजूर करावा लागतो. शांतिदूतांना तो मान्य नव्हता. ते स्वतः आत गेले आणि बायकोला त्यांनी सोबत यायला लावलं. दार पुन्हा लागलं. आम्ही पुन्हा कबुतरं ऐकली. बाहेर आले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते. “मी केव्हाचा ओरडतोय, बस करा, दार उघडा, कोणी उघडलं कसं नाही?” असं ते म्हणाले. त्यांचं ओरडणं ऐकू न आल्याची इमारतीच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू खोलीकडे फार प्रेमाने बघत होत्या. अध्यक्षांनी ठराव मागे घेतला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं, आणि मी तो हात नको तितका वेळ धरून ठेवला.

त्यानंतरचा आठवडा बायको त्या खोलीत वाजवत होती. एकदा मी आत जाऊन बसलो. हे वाजवणं मी घरी कधी ऐकलेलं नव्हतं. घरी ती जोरात वाजवायची तरी मनात कोणी ना कोणी असायचं, खालचे, समोरचे, आजारी कोण आहे, झोपलं कोण आहे. इथे कोणी नव्हतं. चाचणीत वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी तिला विचारलं म्हणे, इतक्या मोकळेपणाने वाजवायला कुठे शिकलात. ती म्हणाली, बुरशीच्या खोलीत. त्यांना वाटलं ती विनोद करते आहे. जागा तिला मिळाली.

बातमी आमच्याआधी इमारतीत पोहोचली होती. संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले आणि अध्यक्षांनीच गळ घातली की वहिनींनी आज खोलीत नाही, बाहेर वाजवावं. इतके दिवस आवाज येत नाही याची सगळ्यांनी खात्री केली होती, पण वाजतं काय ते कोणालाच माहीत नव्हतं. आई खुर्ची टाकून पुढे बसली. बायकोने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि इतके लोक बघून जुन्या सवयीने अगदी हळू, अंग चोरून सुरुवात केली.

मागून, टाकीपाशी उभ्या असलेल्या शांतिदूतांचा आवाज आला. “ऐकू येत नाही. जरा जोरात वाजवा.”

बायकोने माझ्याकडे बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि जोरात वाजवलं.